शेजाऱ्याचे म्हणणे

कणसाचे दाणे काढताना थोरली टोकाचे आणि बुडाचे दाणे बाजूला टाकायची आणि फक्त मधल्या ओळी बियाण्याला ठेवायची. टोकाचे दाणे बारीक, बुडाचे वेडेवाकडे; मधले एकसारखे, पोट भरलेले. हे तिला सासूने शिकवलं होतं. सासूने तिला इतरही पुष्कळ शिकवलं होतं, पण उपयोगी पडलं ते एवढंच.

त्या दिवशी सकाळी ती मागच्या खोलीत, खिडकीखाली, नेहमीच्या स्टुलावर बसली होती. समोर कणसांचा ढीग, पायाशी पाटी. तिचा मका पांढरा होता. सासूच्या सासूपासून तोच दाणा दरवर्षी राखून ठेवलेला, दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरलेला. आठ कणसं झाली. नवव्याचा पाला तिने सोलला आणि हात थांबला. पांढऱ्या ओळीत मधोमध एक पिवळा दाणा होता. नवा सोन्याचा दात बसवल्यासारखा.

तिने तो नखाने काढला आणि खिडकीच्या चौकटीत ठेवला. अकराव्या कणसात तीन निघाले. दुपारपर्यंत चौकट भरली.

थोरलीचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. तो गेल्यावर घराची थोडी फेरमांडणी झाली. पुढचं घर धाकट्या दिराकडे गेलं, मागची खोली आणि तिच्यामागची शेताची पट्टी थोरलीकडे आली. दोन्हींच्या मधे एक दार होतं. त्याला दोन्ही अंगांनी कडी होती, आणि दोन्ही कड्या उघड्या असत. "आमच्याकडे थोरल्या जाऊबाईंना काही परकं नाही, ते दार आम्ही कधी लावत नाही," असं धाकटी आल्यागेल्याला सांगायची. लावत नसत हे खरं होतं. उघडतही नसत, पण ते कुणी विचारत नसे.

धाकटा माणूस वाईट नव्हता. थोरलीच्या नावचे सगळे कागद तोच बघायचा. पाणीपट्टी, मतदार यादी, शेताचा नकाशा, दवाखान्याचं कार्ड. अकरा वर्षांत तिला एकाही कागदाचा त्रास म्हणून झाला नव्हता. गावात ही पद्धत घरोघर होती. जिचा नवरा गेला तिचे कागद दीर करायचा, दीर नसला तर मुलगा, मुलगा नसला तर पलीकडच्या घरातलं कुणीतरी जाणतं. याला सांभाळणं म्हणत. बाईने स्वतः सही करू नये असा काही नियम नव्हता. नियम असता तर निदान कुणीतरी मोडला तरी असता.

असं सांभाळलं गेल्यावर बोलायला फारसं काही उरत नाही. थोरली दिवसाकाठी पाचपंचवीस शब्द बोलायची, त्यातले निम्मे कोंबडीशी. बाकीचं बोलणं ती बियाण्याच्या पुड्यांवर लिहायची. पेरणीच्या आधी गावातल्या तिघी तिच्याकडे पांढऱ्या मक्याचं बी न्यायला यायच्या: दवाखान्यातली नर्स, कोपऱ्यावरची बेकरीवाली आणि शिंपीण. तिघींच्या दारामागे वाफा-दोन वाफे जमीन होती. पुडीवर थोरली टपोऱ्या अक्षरात लिहायची: 'दोन बोटं खोल. जास्त ओलीत पेरू नये.' आणि खाली: 'सासूबाईंचा गुडघा कसा आहे?' किंवा 'नवी भट्टी धूर करते का अजून?' पुढच्या वर्षी बी न्यायला आल्या की बायका उत्तर द्यायच्या. पत्रव्यवहार वर्षाला एका पत्राच्या वेगाने चालला होता, पण चालला होता.

चौकटीतले पिवळे दाणे थोरलीने ओंजळीत घेतले आणि मधलं दार ढकललं. ते कुरकुरलं. पलीकडे धाकटा आणि धाकटी जेवायला बसले होते, ते दचकले.

"काय झालं वहिनी? बरं नाही का?" धाकटा म्हणाला.

"बरी आहे. भाऊजी, माझ्या मक्यात पिवळे दाणे आलेत."

"वा. छान दिसत असतील."

"तुम्ही यंदा नवं बी लावलंत ना, पिवळं? ते माझ्या बांधापासून चाळीस पावलांवर आहे. मी आत्ता मोजून आले. वाऱ्याने तुमच्या तुऱ्यातले पराग माझ्या कणसांवर पडले."

"आता वाऱ्याला काय मी शिट्टी मारली होती?" धाकटा हसला. "अहो, रीतसर लावलंय. प्रयोगशाळेत जनुक घातलेलं बी आहे, असं कुणी उठून पेरू शकत नाही. अर्ज केला, तपासनीस येऊन गेले, परवानगी आली. शेजाऱ्याची लेखी संमतीसुद्धा जोडलीय."

"कोण शेजारी?"

धाकट्याने घास गिळला. "तुम्हीच की."

थोरलीला क्षणभर वाटलं, आपण दिली असेल आणि विसरलो असू. एकट्या माणसाला आपल्या आठवणीची साक्ष काढायला दुसरं कुणी नसतं.

"मी कधी दिली?"

"दरवर्षी सगळं देता तशीच. तुम्हाला कशाला त्रास, म्हणून मी…"

"जाऊबाई," धाकटी मधे पडली, "ते पाठीवर पंप बांधून रोज औषध मारायचे ते आठवतंय ना? रात्र रात्र खोकायचे. या बियाला अळीच लागत नाही. पंप भिंतीला टांगलाय बघा. माझ्या डोळ्याला डोळा लागतोय यंदा."

थोरलीला खोकला आठवत होता. दाराच्या अलीकडे तो चांगला ऐकू यायचा. तो थांबला तेव्हा तिलाही बरं वाटलं होतं, आणि खोली आणखी शांत झाली होती.

"बी वाईट आहे असं मी कुठे म्हणतेय? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, माझ्यानंतर महिन्याने पेरा. माझ्या कणसांचे केस वाळले की मग तुमचे तुरे येऊ देत. कुणाचंच बिघडलं नसतं."

"महिनाभर रान मोकळं ठेवू?" धाकटा म्हणाला. मग त्याचा आवाज मवाळ झाला. "एवढं काय त्यात वहिनी. पिवळे तेवढे निवडून टाका. तुम्हाला वेळच वेळ आहे."

हे तो चांगल्या मनाने म्हणाला. म्हणूनच ते थोरलीच्या बरोबर खोलीपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

आठ दिवस ती निवडत बसली. पिवळे दाणे निघणं अवघड नव्हतं. पण पांढरा आणि पिवळा यांच्या मधे एक रंग असतो, त्याला नाव नाही. सकाळच्या उजेडात तो पांढरा दिसतो आणि दुपारी साय धरल्यासारखा. थोरली एकच दाणा सकाळी पाटीत टाकायची आणि दुपारी बाहेर काढायची. आठव्या दिवशी तिने पांढरेशुभ्र तेवढे एका बरणीत भरले, झाकण लावलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण या बरणीची खात्री देऊ शकत नाही.

पेरणीच्या आधी तिघी आल्या, आणि थोरलीने त्यांना बरणी दाखवून सगळं सांगितलं.

"अगं बाई, दाणा तो दाणा," बेकरीवाली म्हणाली. "माझ्या पावाला कळतंय होय?"

"कायद्याला कळतं," नर्स म्हणाली. "ते जनुकवालं बी परवानगीशिवाय पेरलं तर गुन्हा आहे. दवाखान्यात भिंतीला लावलाय तो कागद."

"म्हणजे यांच्या दिराने पेरलं ते कायदेशीर, आणि त्याचं उडून आलेलं आपण पेरलं तर आपण चोर?" बेकरीवाली म्हणाली. "मला आवडला हा कायदा. कुणी केला?"

शिंपीण नुसती बरणीकडे बघत होती. तिने मागच्या वर्षीही बी नेलं होतं, पण पुडीवरच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. थोरलीने विचारलंही नाही. 'धाकट्या लेकीचा ताप उतरला का?' असा प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नसतो.

"मग यंदा देत नाही तुम्ही?" नर्सने विचारलं.

"माझी खात्री नाही गं. तुमच्या नावावर काही आलं तर?"

तिघी थोडा वेळ बसल्या. बी नसल्यावर बसायला कारण उरत नाही हे एकेकीच्या लक्षात येत गेलं. बेकरीवालीने भट्टीचं निमित्त काढलं, नर्सने दवाखान्यातल्या पाळीचं. निघताना सगळ्या म्हणाल्या की येत जाऊ हं अधूनमधून. थोरलीने तीन कोऱ्या पुड्या पुन्हा डब्यात ठेवल्या.

आणि मग तपासनीस बाई आली.

जुने तपासनीस निवृत्त झाले होते. ते फार समजूतदार गृहस्थ होते. पुढच्या घराच्या पडवीत बसून ते शेत पाहत, म्हणजे शेताच्या दिशेला तोंड करून चहा घेत. नवी बाई पस्तिशीची, स्कूटरवर आलेली, पाठीला पिशवी, पिशवीत मोजपट्टी. तिने आधी शेत मोजलं आणि मग पडवीत आली. धाकट्याला ही उलटी रीत खटकली, पण त्याने खुर्ची पुढे केली. पुढच्या हंगामाची परवानगी हिच्याच हातात होती.

हे सगळं थोरलीला दाराआडून ऐकू येत होतं. ती बरणीसाठी चिठ्ठी लिहीत बसली होती: 'पेरू नये.'

"अंतर तीस मीटर भरलं, म्हणजे चाळीस पावलं," तपासनीस बाई म्हणाली. "नियमाने दोनशे मीटर लागतात, नाहीतर दोन्ही पेरण्यांत चार आठवड्यांचं अंतर. शेजाऱ्याची हरकत नसेल आणि त्यांचं पीक बियाण्याचं नसेल तर सूट मिळते. तुम्ही मागच्या वर्षी ती सूट घेतलीत."

"हो, संमती जोडलीय ना."

"बघितली. अंगठा आहे. 'शेजाऱ्याचे म्हणणे' या रकान्यात 'काही नाही' असं आहे. मला त्यांना भेटायचंय."

"अहो, त्या फारशा कुणात येत नाहीत," धाकटा म्हणाला. "जुन्या वळणाच्या. लिहिता-वाचता येत नाही, उगीच गांगरतील. आमची वहिनीच आहे, घरचीच बाई. मी सांगतो ना त्यांच्या वतीने."

धाकटा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. अकरा वर्षांत त्याने तिच्या बियाण्याची एकही पुडी हातात घेतली नव्हती.

थोरली उठली. दार ढकललं, ते कुरकुरलं, आणि सगळ्यांनी वळून बघितलं. तिच्या उजव्या हातात पेन होतं.

तपासनीस बाईने पेनाकडे बघितलं, मग फॉर्मकडे. मग धाकट्याकडे, कारण त्याच वेळी तो कप उचलत होता. त्याच्या अंगठ्यावरून आडवा व्रण गेला होता, चारा कापायच्या यंत्रात सापडला होता तो. फॉर्मवरच्या शाईच्या ठशालाही मधोमध तशीच पांढरी रेघ होती. ठसा चांगला रुंद होता. धाकट्याने कप खाली ठेवला, पण अंगठा कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

"तुमचं बी बघू?" तपासनीस बाई थोरलीला म्हणाली.

थोरलीने बरणी आणली. बाईने त्यातले मूठभर दाणे छोट्या यंत्रात दळले, पीठ पाण्यात हलवलं आणि त्यात कागदाची एक अरुंद पट्टी बुडवली. "एक रेघ आली तर स्वच्छ. दोन आल्या तर त्यात ते जनुक आहे."

चौघं जण त्या पट्टीकडे बघत राहिले. एक लाल रेघ आली. बऱ्याच वेळाने, तिच्याखाली, दुसरी आली. अगदी फिकट. दुपारच्या उजेडातला तो बिननावाचा रंग जिथे लपला होता तिथून आलेली.

"मग हे पेरता येणार नाही," थोरली म्हणाली.

"पेरलंत तर विनापरवाना लागवड होईल. तुमच्या नावावर."

"माझ्या."

"हो. नियम तसा आहे. मलाही तो आवडत नाही." बाईने फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "एकच विचारते. हा अंगठा तुमचा आहे का? तुमचा असेल तर मी काही करू शकत नाही, संमती दिलीत असं होतं आणि यंदाही तीच सूट चालते. तुमचा नसेल तर यांची परवानगी एका हंगामासाठी थांबते आणि चौकशी लागते."

"जाऊबाई," धाकटी हलकेच म्हणाली, "घराचा विचार करा."

थोरलीने विचार केला. विचार करायला तिला वेळच वेळ होता, पण आज फारसा लागला नाही. पंप पुन्हा भिंतीवरून उतरेल. खोकला सुरू होईल. हे दार, निदान उघडं आहे असं म्हणता येणारं दार, लागेल. दुसऱ्या बाजूला एक बरणी होती, डब्यात तीन कोऱ्या पुड्या होत्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चाळीस पावलं.

"माझा नाही," ती म्हणाली.

"वहिनी!" धाकटा उभा राहिला. राग कमी होता, आश्चर्य जास्त. "अकरा वर्षं सांभाळलं तुम्हाला. कधी काही कमी पडू दिलं?"

"नाही भाऊजी. सांभाळलंत. विचारलं मात्र नाहीत. अकरा वर्षांत एकदा विचारलं असतंत तरी मला वाटलं असतं की पलीकडे कुणीतरी राहतं."

तपासनीस बाईने कोरा फॉर्म काढला. 'शेजाऱ्याचे म्हणणे' या रकान्यात तीन ओळींची जागा होती. एवढ्यात म्हणणं बसतं असा खात्याचा अंदाज असावा. थोरलीने टपोऱ्या अक्षरात लिहायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबली.

"आणखी कागद मिळेल का?"

बाईने वहीतली पानं फाडून दिली. थोरलीने चार पानं लिहिली. त्यात पांढऱ्या मक्याची हकिकत होती, आठ दिवसांची निवड होती, आणि शेवटी असं होतं की धाकट्या दिराने माझ्यानंतर चार आठवड्यांनी पेरणी केल्यास माझी काही हरकत नाही, ते बी त्यांच्या छातीला मानवते. खाली सही होती. अकरा वर्षांत पहिली.

निघताना तपासनीस बाई म्हणाली, "माझ्या पिशवीत आणखी चौदा फॉर्म आहेत. बारांवर अंगठे आहेत." मग स्कूटरला किक मारून ती पहिल्याच घराकडे वळली, पडवीऐवजी मागच्या दाराकडे.

त्या संध्याकाळी पलीकडून कडी लागली. वापर नसल्याने ती गंजली होती, दोनदा ढकलावी लागली.

पुढचे महिने थोरलीने कोंबडीशीही कमी बोलून काढले. चुलत सासरे वाटेत दिसले तर झाडाचा शेंडा न्याहाळायला लागायचे. गावातल्या पुरुषांचं एकमताने ठरलं की बाई शिकलेली निघाली, घर फोडलं. दोन बायका मात्र मागच्या गल्लीने आल्या. एकीने पदराआडून कागद काढला आणि म्हणाली, "माझा अंगठा कुठे कुठे उठलाय तेवढं वाचून सांगा ना." थोरलीने वाचलं. पाच ठिकाणी उठला होता. बाई ऐकून गेली ती पुन्हा आली नाही. तिच्या दाराची कडीही लागली असावी.

धाकट्याने त्या वर्षी साधा मका लावला आणि पंप उतरवला. खोकला परतला. थोरली अलीकडे स्टुलावर बसून तो ऐकायची. कडी आपल्याच उत्तराने लागली आहे आणि खोकलाही, हे तिला माहीत होतं. 'माझा नाही' हे दोन शब्द तिने मनात पुष्कळदा उलटून पाहिले. प्रत्येक वेळी ते खरेच निघाले, पण त्यामुळे खोकला कमी झाला नाही.

तिच्या पट्टीत काहीच नव्हतं. पेरायची मुदत संपत आली तेव्हा एका दुपारी शिंपीण आली. दारातच उभी राहिली. तिच्या हातात एक पुडी होती, न उघडलेली, थोरलीच्याच अक्षरातली. मागच्याच्या मागच्या वर्षीची.

"पेरली नाही मी," शिंपीण म्हणाली. "त्या वर्षी हात लागला नाही कशाला. उत्तर द्यायचं राहिलं होतं तुमचं. नाही उतरला ताप."

थोरलीने तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. दोघींनी मिळून पुडी सोडली. पुडीत बासष्ट दाणे निघाले, सगळे पांढरे, वाऱ्याच्या आधीचे. त्यातले एकेचाळीस उगवले.

दुसऱ्या वर्षी पेरणीच्या आधी एका सकाळी मधल्या दाराखालून एक कागद आत सरकला. धाकट्याचा नवा अर्ज होता. पेरणीची तारीख थोरलीच्या तारखेनंतर बरोबर चार आठवड्यांची. अंगठ्याची जागा कोरी होती. 'शेजाऱ्याचे म्हणणे' हा रकानाही.

थोरलीने पेन घेतलं. 'हरकत नाही,' असं लिहिलं आणि सही केली. मग हात थांबेना. पुड्यांची सवय. खाली उरलेल्या दोन ओळींत तिने टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'खोकला कसा आहे?'

कागद तिने दाराखालून परत सरकवला आणि तिथेच, फरशीवर, बसून राहिली. पलीकडून कुणीतरी तो ओढून घेतला. मग काही झालं नाही. पावलं गेल्याचाही आवाज आला नाही. कडी हलली नाही.

बऱ्याच वेळाने, दाराच्या अगदी जवळून, कुणीतरी खोकलं.